पोचलेली ऑर्डर

बिरदेव पडला तेव्हा मी भवानी पेठेतल्या क्लासमध्ये दहावीच्या मुलांना वृत्तं शिकवत होतो. त्याच्याबरोबर ऑर्डरी पोचवणाऱ्या शिवूचा फोन आला. बिऱ्या होटगी रोडला पडलाय, पोरांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेलंय, तू तिकडंच ये, असं तो म्हणाला. मी खडू हातात घेऊनच जिना उतरलो.

शिवू दवाखान्याच्या दारातच भेटला. पाठीवर बिरदेवची चौकोनी बॅग, हातात बिरदेवचा फोन. फोनची काच तडकली होती.

"ऑर्डर पोचवली, मास्तर," तो म्हणाला. "बिर्याणी सांडली न्हवती. पाच स्टार पण मिळालेत. ते टेन्शन न्हाय आता."

हे तो मला धीर द्यायला सांगत होता. खरं सांगायचं तर मला धीर आलाही.

खाण्याच्या ऑर्डरी पोचवणारी ही पोरं सात रस्त्याजवळ एका लिंबाखाली थांबतात. तिथं त्यांचा एक रिवाज आहे. तो कुणी ठरवला नाही, कुठं लिहिलेला नाही. कुणी पडला तर दोघांनी त्याला उचलायचं आणि तिसऱ्यानं त्याची बॅग उचलायची. घेतलेली ऑर्डर पोचली नाही तर कंपनी आयडी, म्हणजे ॲपवरचं खातं, बंद करते. बंद झालेला आयडी परत चालू व्हायला किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही. तेवढे दिवस काम नाही. म्हणून सगळ्यांना सगळ्यांच्या फोनचं कुलूप उघडता येतं. त्या संध्याकाळी उसाच्या ट्रॉलीतून पडलेल्या कांड्यांवरून बिरदेवची गाडी घसरली. मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रॉलीचं चाक त्याच्या डाव्या घोट्यावरून गेलं. दोघांनी त्याला रिक्षात घातलं. शिवूनं बॅग उचलली, फोन उचलला, पत्ता शोधत रस्त्याच्या पार टोकाच्या वसाहतीत जाऊन बेल वाजवली, गिऱ्हाइकाकडून ऑर्डर मिळाल्याचा नंबर घेतला आणि ऑर्डर पूर्ण केली. मग त्यानं मला फोन केला.

बिरदेव आत पडला होता. त्यानं डोळे उघडून पहिल्यांदा शिवूकडं बघितलं.

"पोचली?"

"पोचली," शिवू म्हणाला.

बिरदेवनं डोळे मिटले.

बिरदेव आणि मी कॉलेजात एका बाकावर बसायचो. दोघांचा विषय मराठी. त्याचं गाव सांगोल्याच्या पुढं, माळरानावर. घरची मेंढरं. वर्षातले कितीतरी महिने वडील मेंढरांमागं परमुलखात असायचे, तेव्हा गावात आई केराबाई आणि हा. पेपरात तो फार थोडं लिहायचा. मोठ्या प्रश्नाला चार ओळी. सरांनी एकदा वर्गात त्याची उत्तरपत्रिका धरून विचारलं, पुढचं कुठं आहे? तो उभा राहून म्हणाला, "संपलं, सर." वर्ग हसला. सरही हसले. मी नंतर ती उत्तरं वाचली. खरंच संपलेली होती.

शेवटच्या वर्षी तो परीक्षेला बसला नाही. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला लागला. तिथला सुपरवायझर हाक मारायला शिट्टी वाजवायचा. बिरदेवला ते सहन झालं नाही. मेंढराला शिट्टी मारत्यात, असं तो मला म्हणाला, आणि त्यानं काम सोडलं. जुनी मोटारसायकल घेतली आणि कंपनीच्या ॲपवर नाव घातलं.

पहिल्या दिवशी फोनवर मेसेज आला. 'स्वागत आहे, पार्टनर.' त्यानं तो मला दाखवला, मग आईला पाठवला. केराबाईला वाचता येत नाही. शेजारच्या मुलीनं वाचून दाखवलं आणि पार्टनर म्हणजे भागीदार, असं सांगितलं. पोरगा सोलापुरात कुणाच्या तरी धंद्यात भागीदार झाला, ही बातमी दोन दिवसांत सगळ्या वस्तीवर गेली. बिरदेवनं ती खोडून काढली नाही. त्यालाही ते थोडं खरं वाटत होतं. आपली गाडी, आपलं पेट्रोल, मनात येईल तेव्हा ॲप चालू, मनात येईल तेव्हा बंद. कुणाची शिट्टी नाही.

आम्ही भवानी पेठेत एका खोलीत राहायचो. जेवताना फोन वाजायचा. आज तुम्ही मागे आहात, एवढ्या ऑर्डर केल्या तर अमुक मिळेल, तुमच्या भागात मागणी वाढली आहे. भाकरी अर्धी ठेवून तो उठायचा. मी एकदा विचारलं, तुला मालक नाही ना, मग उठतोस कशाला?

"फोन लई गोड बोलतो रं," तो म्हणाला. आणि बूट घालून गेला.

दवाखान्यात पहिली शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली. पाय वाचला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून कागदावर पाऊल काढून दाखवलं. घोट्याच्या आत हाडाचे बारीक तुकडे झाले होते. ते नीट बसवायला वेगळी शस्त्रक्रिया हवी होती, ती करणारे सर्जन पुण्याला होते. हाडं आपली आपण जुळायच्या आत ती व्हायला हवी. दोन आठवडे, फार तर तीन. एकदा वाकडी जुळली की पाय तसाच राहणार. सरकारी योजनेतून करायची तर नंबर लागेपर्यंत थांबावं लागणार होतं आणि घोटा थांबणार नव्हता.

बिरदेवनं हे ऐकून घेतलं. मग तडकलेल्या फोनवर ॲप उघडून मला दाखवलं. त्यात एका कोपऱ्यात विम्याचं कार्ड होतं. त्यावर त्याचा फोटो होता. कामावर असताना अपघात झाला तर कंपनी उपचार करणार, असं खाली लिहिलं होतं. ते सर्जन असलेला पुण्याचा दवाखाना यादीत होता. आम्हाला दोघांनाही बरं वाटलं. मी त्याच दिवशी सगळे कागद जोडून पाठवले.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मराठीत होतं, शुद्ध होतं. 'तुमच्या प्रकृतीत लवकर सुधारणा होवो. आमच्या नोंदीनुसार सदर ऑर्डर तुम्ही यशस्वीरीत्या पूर्ण केली आहे. त्यामुळे हा अपघात कामाच्या वेळेत झाला असे मानता येत नाही.'

मी ते दोनदा वाचलं. दवाखान्याच्या कागदावर बिरदेवला आत घेतल्याची वेळ होती. कंपनीच्या नोंदीत ऑर्डर पोचल्याची वेळ त्याच्या नंतरची होती. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसानं जिना चढून बिर्याणी दिली होती आणि गिऱ्हाईक खूश झालं होतं.

ही विसंगती मी लिहून कळवली. उत्तर दुसऱ्या नावाच्या माणसाकडून आलं. त्याला आमच्या भावना समजत होत्या. ऑर्डर पूर्ण झाली आहे, असं त्यानंही लिहिलं. पुढचं उत्तर तिसऱ्या नावाचं. मग मी इंग्रजीत लिहिलं. इंग्रजीतही भावना समजल्या.

"खरं सांगून टाकू या," मी म्हणालो. "ऑर्डर शिवूनं दिली, असं लिहू."

दवाखान्यातून खोलीवर आणलेला बिरदेव उशीला टेकून बसला होता. "आपला आयडी दुसऱ्याला वापरायला दिला की कायमचा बंद. देणाऱ्याचा बंद, घेणाऱ्याचा बी बंद. शिवूच्या घरात दुसरं कमावणारं कोण हाय?"

मी हातातला फोन खाली ठेवला.

"शिवूचं नाव घ्यायचं न्हाय, अमृत. पायाचं काय व्हायचं ते होऊ दे."

शिवू अक्कलकोट तालुक्यातला. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, गिऱ्हाइकाशी लागेल ते. घरात आई सिद्धम्मा आणि शाळेत जाणारी बहीण. तो रोज संध्याकाळी ऑर्डरींच्या मधल्या वेळात खोलीवर यायचा. केळी आणायचा. बिरदेवच्या पायाकडं न बघता बोलायचा. क्लेमचं काय झालं हे त्यानं विचारलं की बिरदेव सांगायचा, चाललंय.

गावाहून केराबाई आली. खोलीच्या एका कोपऱ्यात तिनं चूल नसताना चूल असल्यासारखी जागा केली. स्टोव्हच्या एका बाजूला पीठ, दुसऱ्या बाजूला पाणी. मला ती बाळा म्हणायची. बिरदेवला ती सारखं एकच विचारायची.

"तू कुणाकडं कामाला हुतास?"

"कंपनीकडं."

"मग तुझा मालक कुटं हाय? बघायला का आला न्हाय?"

"मालक न्हाय, आये."

"आमच्यात राखणीला ठेवलेलं पोरगं पडलं तर ज्याची मेंढरं त्योच त्याला दवाखान्यात न्हेतो. इचारावं बी लागत न्हाय."

बिरदेव म्हणाला, "मी भागीदार हाय की."

हे त्यानं हसत म्हटलं. केराबाई हसली नाही. तिनं पोळपाट भिंतीला लावून ठेवला.

मी कंपनीचा माणूस शोधायला निघालो. सोलापुरात कंपनीचं ऑफिस नव्हतं. पोरांचा एक टीएल होता, म्हणजे टीम लीडर. पृथ्वीराज त्याचं नाव. तो पार्क चौकात एका चहाच्या टपरीवर भेटला. माझ्याच वयाचा होता, शर्टावर कंपनीचं चिन्ह होतं. त्यानं मला चहा पाजला. बिरदेव चांगला पोरगा, असं म्हणाला. त्यानं वर कळवलं होतं. वर म्हणजे कुणाला, हे मी विचारलं. त्यानं फोनमधला एक ग्रुप दाखवला. त्यातल्या कुणालाही त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"तू कंपनीचा ना?" मी विचारलं.

"मी एजन्सीकडनं आहे, सर," तो म्हणाला. "मला कुठं कंपनीनं ठेवलंय. तुम्ही माझं नाव घालू नका कुठं, एवढं करा."

मग कामगार खात्याच्या कार्यालयात गेलो. बिरदेव बरोबर येतो म्हणाला. त्याला रिक्षातून नेलं, दोन पायऱ्या उचलून चढवलं. तिथले साहेब भले होते. त्यांनी त्याला बसायला स्वतःची खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. नेमणूकपत्र आहे का, पगाराची पावती, हजेरी, काही? आमच्याकडं टी-शर्ट होता, बॅग होती. बॅगही बिरदेवनं विकत घेतलेली होती. कंपनीनं ॲपवर नाव घालताना त्याच्याकडून एका करारावर हो म्हणून घेतलं होतं. साहेबांनी तो फोनवर वाचला. कितीतरी वेळ बोटानं सरकवत होते. एका ठिकाणी थांबले आणि फोन माझ्याकडं वळवला. त्यात लिहिलं होतं की वापरकर्ता हा स्वतंत्र व्यावसायिक असून त्याच्यात आणि कंपनीत मालक-नोकर असं नातं नाही.

"हो म्हटलंय यानं," साहेब म्हणाले.

"हो म्हटल्याशिवाय पुढचं पान उघडत न्हाय, साहेब," बिरदेव म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. म्हणाले, अशा कामगारांबद्दल आता कायद्यात लिहिलं जाऊ लागलंय, पुढं काहीतरी होईल. अर्ज ठेवून घेतो, कंपनीला पत्र पाठवतो. पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते त्यांनी आम्हालाच विचारलं. मी ॲपमधला पत्ता लिहून दिला. दुसऱ्या राज्यातला होता. उत्तर यायला किती दिवस लागतील, असं मी विचारलं. त्यांनी बिरदेवच्या पायाकडं बघितलं आणि अर्जावर शिक्का मारला.

परत येताना रिक्षात बिरदेव म्हणाला, माणूस चांगला होता. मी हो म्हणालो. त्या दिवसांत आम्हाला भेटलेली सगळीच माणसं चांगली होती.

ऑर्डर पोचल्यामुळंच क्लेम अडला, हे शिवूला कुणी सांगितलं ते मला अजून नीट माहीत नाही. बहुतेक केराबाईनं. बिरदेव झोपलेला असताना ती एकदा शिवूशी दारात बोलत होती. तिनं दोष दिला नसणार. तू दिलीस म्हणं ती ऑर्डर, एवढंच म्हणाली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवू आला. ऑर्डरींची वेळ होती, तरी आला. तोंडावर उन्हाची लाली होती आणि तो खूश होता.

"मी लिहून टाकलं," तो म्हणाला. "माझ्या आयडीवरनं सपोर्टला. बिरदेव पडला, ऑर्डर मी दिली, गिऱ्हाईक साक्षीला हाय. फोटो बी जोडला."

गिऱ्हाइकाकडं तो सकाळी जाऊन आला होता. कन्ना चौकाकडची विणकर कुटुंबातली, तेलुगू बोलणारी बाई होती, होटगी रोडला लेकीकडं आलेली. तिला तो आठवत होता. त्याच्या शर्टावर रक्त होतं म्हणून तिनं त्याला पाणी दिलं होतं. हवं तर मी सांगेन, असं ती म्हणाली होती. शिवूनं तिच्याबरोबर दारात उभं राहून फोटो काढला होता.

बिरदेव पांघरूण फेकून उठायला गेला आणि वेदनेनं परत बसला.

"मागं घे ते."

"आता कसं मागं घेऊ?"

"शिव्या, मागं घे. मी सांगतो मागं घे."

"तुझा पाय जास्त का माझा आयडी?" शिवू म्हणाला. "बंद केला तर दुसऱ्या कंपनीत घालतो नाव. तू पुण्याला जा गप."

केराबाईनं शिवूपुढं ताट ठेवलं. तो जेवला. पहिल्यांदाच त्या पायाकडं सरळ बघून जेवला. माझ्याही मनात आलं, आता त्यांना मान्य करावंच लागेल. खरं काय झालं ते लिहून गेलं होतं, साक्षीदार होता, फोटो होता. आणखी काय लागतं?

संध्याकाळी शिवूचा आयडी बंद झाला. याची आमची तयारी होती. थोड्या वेळानं बिरदेवच्या फोनवर मेसेज आला. त्याच्या खात्याचा वापर नोंद नसलेल्या व्यक्तीने केल्याचं आढळलं होतं. नियमभंगामुळं खातं कायमचं बंद करण्यात येत होतं. खाली एक ओळ होती. खातं बंद झाल्यानं त्यावरच्या सगळ्या सुविधा, विम्यासह, त्या दिवसापासून संपल्या होत्या.

मी बिरदेवला ते वाचून दाखवलं. त्यानं फोन मागून घेतला आणि स्वतः वाचला. मग विम्याचं कार्ड उघडायला गेला. ॲपनं त्याला नंबर विचारला, नंबर टाकल्यावर सांगितलं की या नंबरचा पार्टनर नाही.

तक्रार करायची तर ती ॲपमधूनच करायची होती. ॲप उघडत नव्हतं. मी रात्री ईमेल लिहिली. ज्या पत्त्यावरून आधी भावना समजल्याचं कळायचं, तिथून यंत्राचं उत्तर आलं, की ही सेवा फक्त नोंदणीकृत पार्टनरसाठी आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच आलं. मी भाषा शिकलो आहे. कुठला शब्द कुठं ठेवला की वाक्य पोचतं, हे मुलांना शिकवून मी पोट भरतो. इथं वाचणाराच कुणी नव्हतं.

शिवू त्यानंतर तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तो दाराबाहेरच थांबला. केराबाईनं त्याला हाताला धरून आत आणलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"मला शिवी दे," तो बिरदेवला म्हणाला.

"कशाबद्दल?"

"दे की एक."

बिरदेवला शिवी सुचली नाही. ऑर्डर पोचवली ती त्याच्यासाठी. खरं सांगितलं ते त्याच्यासाठी. तो म्हणाला, "जेवलास का?" तेव्हा शिवू रडला. केराबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी खिडकीतून खाली बघत होतो. खाली एक पोरगा तसलीच बॅग पाठीला लावून पत्ता शोधत होता.

वडिलांचा निरोप आला होता की मेंढरं विकायला काढतो. मेंढरं त्या वेळी बीडच्या पलीकडं होती. गिऱ्हाईक बघून विकायला महिना जाणार होता. आम्ही तिसऱ्या आठवड्यात होतो. ओळखीपाळखीच्यांकडं माझं पैसे मागून झालं होतं. लिंबाखालच्या पोरांनी आपापसांत गोळा करून दिलं, त्यातून औषधं आली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी घोटा दोन्ही हातांत धरून हळू फिरवून बघितला. तो फिरला नाही. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. हाडं जुळली होती. आता बसवायची तर आधी मोडावी लागतील, असं ते म्हणाले. मग म्हणाले, तुमच्या जागी मी असतो तर आता हात लावू दिला नसता. बिरदेवनं विचारलं, चालता येईल का? येईल, ते म्हणाले. गाडी? डाव्या पायानं गिअर टाकणं अवघड जाईल. मेंढरांमागं? डॉक्टरांना तो प्रश्न कळला नाही. मी सांगितला. त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला.

केराबाईनं त्याला गावी न्यायचं ठरवलं. मी आणि शिवू एसटी स्टँडवर सोडायला गेलो. शिवू आता मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उतरवतो. त्या दिवशी तो काम बुडवून आला होता. सांगोल्याची गाडी लागली. बिरदेवनं उजवा पाय पायरीवर ठेवला, दांडी धरली, पण डावा पाय वर येईना. मागं रांग थांबली. कंडक्टर दारातच होता. वयानं मोठा माणूस. त्यानं बिरदेवच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं, पुढच्या बाकावरच्या एका मुलाला उठवून त्याला तिथं बसवलं.

"काय झालं, पाव्हणं?"

"पडलो."

"कामावर?"

बिरदेवनं माझ्याकडं बघितलं. मग शिवूकडं. बिरदेव चेष्टा करायच्या तयारीत असला की त्याचा एक ओठ वर जायचा. तसा गेला नाही.

"म्हाइत न्हाय," तो म्हणाला.

पोरगा नीट उत्तर देत नाही, असं कंडक्टरला वाटलं असावं. त्यानं केराबाईला कुठं जायचं ते विचारलं आणि दोन तिकिटं फाडली.